प्रतिमाच्या पायाचा क्लच

क्लच थोडासा खाली घ्यायचा, एवढंच मी ठरवलं होतं. माणसानं याहून लहान निर्णय कुठला घ्यावा? लग्नाचा नाही, घर बांधायचा नाही, नोकरी सोडायचा तर नाहीच (ती सोडायचं मला कधी सुचलं नाही, आणि तिनंही मला अजून सोडलेलं नाही). मी नीळकंठ, बुलढाण्याच्या कोर्टात कारकून. दिवसभर लोकांच्या तारखा पुढे ढकलतो आणि घरची कामंही त्याच पद्धतीनं करतो. पण त्या रविवारी कोण जाणे काय अंगात आलं, आणि मी गाडीखाली शिरलो.

गाडी माझी नव्हे. म्हणजे कागदावर माझी, पण गाडी प्रतिमाची. प्रतिमा माझी बायको. धाडच्या शाळेत गणित शिकवायची आणि रोज बुलढाण्याहून स्वतः गाडी चालवत जायची-यायची. मागच्या वर्षी ती गेली. आजारपण असं झालंच नाही. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, आणि संध्याकाळी आम्ही तिला घरी आणलं ते... असो. (हसण्यासारखं सांगायला बसलो की हे असं मध्येच येतं. सांभाळून घ्या.)

ती असताना माझी जागा डाव्या सीटवर. मला गाडी येत नव्हती, त्यामुळे ती कशी चालवावी हे मला नेमकं माहीत होतं. "हळू", "ट्रक आला", "हॉर्न दे", "म्हैस, म्हैस!" असं मी बोलत राहायचो आणि पाय पुढे रोवून दाबून धरायचो. इतका दाबायचो की माझ्या बाजूच्या रबरी मॅटला भोक पडलं. प्रतिमा रस्त्यावरची नजर न काढता म्हणायची, "अजी, तिकडे ब्रेक नाही." साऱ्या संसारात तिनं मला जे जे समजावलं, ते या एका वाक्यात मावतं.

ती माझ्या खांद्याच्याही खाली यायची. तिचा पाय पॅडलवर पुरता पोचत नसे. म्हणून आमचे जुने मिस्त्री अब्दुल गनी यांच्याकडून तिनं क्लच स्वतःच्या पायाला बेतून घेतला होता. क्लच हायड्रॉलिक. म्हणजे पॅडल दाबलं की नळीतलं तेल पुढे सरकतं आणि गिअरबॉक्सजवळची एक लोखंडी काडी ढकलतं. ती काडी लांब केली की पॅडल जरासं दाबलं तरी काम होतं. मात्र सोडताना पाय पार वर येईपर्यंत गाडी जागची हलत नाही. ब्लाउज जसा एकीलाच बसतो, तसा तो क्लच एकीचाच होता.

आता घरात मी आणि सासूबाई. सरस्वतीबाई, डोणगावच्या. प्रतिमा गेली त्या दिवशी आल्या आणि राहिल्या. मुलगीच नाही तर जावयाच्या घरी काय राहायचं, असं तिकडचे लोक म्हणाले. त्या म्हणाल्या, "त्याईले भात टाकता येत नाही." लोकांना मी सांगतो की मी सासूबाईंना सांभाळतो. त्या लोकांना काहीच सांगत नाहीत.

आमच्याकडे जुन्या वळणाची सासू जावयाशी तोंडाला तोंड लावून बोलत नाही. सासूबाई लग्नापासून माझ्याशी प्रतिमामार्फत बोलत. मी समोर ताटावर बसलेला असे आणि त्या म्हणत, "प्रतिमा, त्याईले इचार, भाजी वाढू काय?" मी म्हणे, "प्रतिमा, वाढा म्हणाव." प्रतिमा मधे बसून पेपर वाचे. ती गेल्यावर हॉलमध्ये तिचा फोटो आला, आणि व्यवहार मागील पानावरून पुढे सुरू झाला. "प्रतिमा, सांग त्याईले, गिझर चालू राह्यला." मीही फोटोकडे बघून म्हणतो, "बंद करतो म्हणाव." पाहुणे आले की जरा बिचकतात.

गिझर चालू राहायला नको होता, कारण त्याच्या बटणावर लाल ठिपका आहे. माझ्या सोयीसाठी प्रतिमानं घरभर नेलपॉलिशचे लाल ठिपके करून ठेवले आहेत. गॅसची बारीक आच कुठं, पंखा कुठल्या आकड्यावर थांबवायचा, पाण्याच्या मोटारीचा खटका कुठला. नखांना ती कधी लावायची नाही, शाळेत बरं दिसत नाही म्हणे. ती बाटली सगळी माझ्यावर संपली.

तर, वर्षश्राद्ध झालं आणि धाडच्या शाळेचे मुख्याध्यापक महादेवराव यांचा फोन आला. सोमवारी शाळेत बाईंची आठवण म्हणून छोटा कार्यक्रम आहे, पोरं पाढे म्हणणार आहेत, बाईंचा फोटो घेऊन आईंसह या. मी हे फोटोला सांगितलं. सासूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "प्रतिमा, सांग त्याईले, मी येईन त तुयाच गाडीनं येईन. यष्टीनं नाही."

वर्षभरात त्यांनी काही मागितलं ते एवढंच. आणि मी तोवर ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन लायसन्सही काढलं होतं (परीक्षा घेणाऱ्या साहेबांना त्या दिवशी घाई होती). पण स्कूलच्या गाडीचा क्लच मधल्या मधे पकडतो. प्रतिमाच्या गाडीत मी सवयीनं पाय अर्धा वर आणला की काहीच होईना, म्हणून एकदम सोडला की गाडी उडी मारून बंद. शनिवारी सासूबाईंना बसवून चाचणी घेतली. गाडी उड्या मारत फाटकाबाहेर गेली आणि शेजारच्या कुंडीवर चढली. सासूबाईंचं कपाळ समोर आपटलं. त्या उतरल्या, आत गेल्या आणि फोटोला एक शब्द बोलल्या नाहीत. त्याचंच मला जास्त लागलं.

संध्याकाळी मी फोटोसमोर उभा राहून जाहीर केलं, "प्रतिमा, क्लच जरा खाली घेतो. माझ्या पायाला येईल असा."

सासूबाई चहा ढवळत होत्या. बराच वेळ ढवळला. मग म्हणाल्या, "सांग त्याईले, गाडी त्याईची हाये."

जावयाला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. या सोयीचा मी आजवर भरपूर फायदा घेतलेला आहे. त्यामुळे तो होकार आहे असं मी धरलं.

रविवारी गनीभाईंना फोन केला, तर ते चिखलीला लग्नात. मागे बँड वाजत होता. ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही आणि मी काय म्हणालो ते त्यांना. मग मोबाइलवर एक व्हिडिओ शोधून लावला. त्यातला माणूस सुरुवातीलाच म्हणाला, "बिलकुल आसान है." मला आयुष्यात ज्या ज्या लोकांनी हे सांगितलं, त्यांची नंतर कधी गाठ पडलेली नाही.

शेजारच्या गोपालनं पुढची चाकं लाकडी ओंडक्यांवर चढवून दिली, मागच्या चाकांना दगड लावले, "साहेब, मिस्त्रीले येऊ द्याचं असतं नं," एवढं म्हणाला आणि बायकोला घेऊन मेहकरला निघून गेला. मी जुना शर्ट घालून पाठीवर सरपटत आत गेलो. वर पाहिलं तर एकाला दोन नट. व्हिडिओतला माणूस म्हणत होता, "बस, ये वाला." कोणता वाला, ते त्याच्या बोटानं झाकलेलं होतं.

काडीवरचा नट मी आधी फिरवला. चांगला फिरवला. बाहेर येऊन पॅडल दाबून पाहिलं, काही कळेना. पुन्हा आत जाऊन आणखी फिरवला. मग म्हटलं, दुसराही फिरवून बघू, कशाला मनात राहायला पाहिजे. त्यातून तेल आलं. थेट चष्म्यावर आलं. तो नट म्हणजे नळीतली हवा काढायचं निप्पल होतं, हे मला व्हिडिओच्या पुढच्या भागात कळलं. तोवर पॅडल जमिनीला टेकत होतं आणि वर यायला फार आढेवेढे घेत होतं.

आता हवा काढणं आलं. त्याला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली निप्पल सैल करून हवा सोडायची, निप्पल आवळायचं, आणि मगच वरच्यानं पाय उचलायचा. हे मी दारातून फोटोला समजावून सांगितलं.

सासूबाईंनी तोंडावर पदर धरला. "मायबाई! प्रतिमा, सांग त्याईले, जावई खाली लोयते अन् मी वरून पाय दाबू? हे पाप कुठं फेडू मी?"

"प्रतिमा, पाप मी घेतो म्हणाव. त्यांनी फक्त दाबावं."

शेवटी बसल्या. साडी आवरून, चपला बाहेर काढून, देवळात बसावं तशा. मी खाली गेलो.

"दाबा!"

पॅडल दाबलं गेलं.

"धरून ठेवा, सोडू नका!" असं म्हणून मी निप्पल सैल केलं. त्याच क्षणी वर पाय उचलला गेला, आणि बाहेर निघालेली हवा माझ्या डोळ्यांदेखत परत आत गेली. मी वाकडा होऊन पाहिलं. सासूबाई स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावत होत्या. जावयाच्या दिशेनं पाय केला म्हणून नमस्कार.

"आई, नमस्कार शेवटी एकदमच करा. दाबा!"

दाबलं.

"धरा!"

मग दार उघडल्याचा आवाज, आणि अनवाणी पावलं घरात निघून गेली. आतून आवाज आला, "प्रतिमा, सांग त्याईले, पाय पार खाली गेला, अन् तिथंच राह्यला."

"जाऊ दे खाली! पण आई, तुम्ही कुठं गेलात?"

"सांग त्याईले, मंग कोणाले सांगू?"

मी तेलकट हातांनी हॉलमध्ये गेलो, फोटो खिळ्यावरून काढला आणि गाडीत काचेला टेकवून ठेवला. (कोर्टात टपाल मधेच अडकलं की आम्ही टेबल जवळ आणतो.) मग मात्र काम बरं चाललं. वरून येई, "प्रतिमा, दाबलं." खालून मी म्हणे, "प्रतिमा, धरा म्हणाव." नवीन तेलाचा डबा संपत आला होता आणि त्यातलं बरंचसं नळीऐवजी माझ्यावर होतं, पण आम्ही तिघं मिळून काहीतरी करत होतो. वर्षभरात प्रथमच.

तेवढ्यात माझ्या मनगटावरून लाल ओघळ कोपराकडे जाताना दिसला.

"आई, रक्त!"

वर किंकाळी झाली. "अरे देवा! जावयाले मारलं मी! प्रतिमा, त्याईले इचार वं, कुठं लागलं?"

लागलं कुठंच नव्हतं. (माझ्या बाबतीत दुखणं जरा उशिरा पोचतं.) मी बोट चोळलं, हुंगलं. काडीवरच्या नटाशी लाल रंगाचा फुगलेला, सुटलेला पापुद्रा होता आणि त्यावरून तेल ठिबकत होतं. हे तेल रंग खातं. गाडीच्या पत्र्यावर सांडू देऊ नका, असं व्हिडिओतला माणूस बजावत होता. पत्र्यावरून मी पुसत होतो. इथं कोण बघतंय?

तो नेलपॉलिशचा ठिपका होता. काडी कुठवर बाहेर ठेवायची, ती खूण. प्रतिमा काही इथं शिरली नसणार, गनीभाईंच्या हातात बाटली देऊन वरून सांगितलं असेल, इथं लावा. आणि ती खूण गनीभाईंसाठी नव्हती. आमच्या घरातला प्रत्येक लाल ठिपका माझ्यासाठी आहे. हा माणूस एक ना एक दिवस इथं येईल आणि नको तिथं हात लावील, हे तिला माहीत होतं. तिला एवढंच माहीत नव्हतं की ठिपका दिसायच्या आधीच मी नट फिरवलेला असेल.

मी घाईघाईनं नट उलटा फिरवायला गेलो. पण किती फिरवला होता? कोणाला आठवतंय? बोटं लाल झाली, नट लाल झाला, आणि खूण अशी उरलीच नाही. तिचं मोजमाप एका सकाळीत मी पुसून टाकलं होतं. पॅडलवर तिचा पाय जिथं थांबायचा, ती जागा आता जगात कुठंच नव्हती.

मी रडलो. तेराव्याला रडलो नव्हतो, पाहुण्यांच्या चहाकडे बघायचं होतं. वर्षश्राद्धाला भटजींना उशीर झाला म्हणून नुसताच चिडलो होतो. ते सगळं राहिलेलं रडणं गाडीखाली, पाठीवर पडून झालं. आडवं होऊन रडलं की पाणी कानात जातं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

सासूबाई खाली उतरल्या. त्यांना माझे पाय तेवढे दिसत असणार. म्हणाल्या, "प्रतिमा, सांग त्याईले, बाहेर या म्हणा. च्या टाकतो मी."

"प्रतिमा," मी म्हणालो, "त्यांना सांग, तुझा ठिपका पुसला गं माझ्या हातानं."

चहा टाकायला कोणी गेलं नाही. सासूबाई चाकाशेजारी जमिनीवर बसल्या. मी आत, त्या बाहेर, प्रतिमा वर काचेशी.

संध्याकाळी गनीभाई लग्नातल्या पांढऱ्या कपड्यांतच आले. पोत्यावर आडवे होऊन त्यांनी नळीतली हवा काढली, आणि मग काडीपाशी अडले.

"साहेब, आता किती ठेवू?"

"आधी होती तेवढी."

"आधी किती होती, मले काय माहीत? ताई वर बसल्या, मी खाली. त्या म्हणत गेल्या, अजून, अजून, बस. थे सेटिंग ताईच्या पायाची. आता ज्याले चालवाची आहे त्याच्या पायानं करतो. बसा तुम्ही."

खरं तर मला तेच हवं होतं. त्याच्यासाठीच हा सगळा उद्योग केला होता. मी दार उघडलं, आणि बसवेना.

सासूबाई घरात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या पायात प्रतिमाच्या शाळेच्या चपला होत्या, जरा उंच टाचेच्या. दोघींची उंची एक, पायही एकच, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. त्या सीटवर बसल्या, पुढे सरकल्या, पॅडलवर पाय ठेवला आणि फोटोला म्हणाल्या, "प्रतिमा, गनीभाऊले सांग, फिरवा म्हणा."

"पण आई, तुम्हाला कसं कळणार?" मी विचारलं. पुन्हा सरळच विचारलं, घाईत.

"प्रतिमा, सांग त्याईले, तुयासंग बाजाराले येतानी मले रस्त्याकडे पाहाचं भेव लागे. मी तुया पायाकडेच पाहत राहो."

गनीभाई नट फिरवत गेले. सासूबाई डोळे मिटून पाय दाबत, सोडत. "अजून. जराक अजून. नाही, जास्त झालं. मांगं घ्या." मग पाय थांबला. बराच वेळ तिथंच ठेवला. डोळ्यांतून पाणी गालावर आलं तरी पाय काढला नाही. म्हणाल्या, "इथं. इथंच थांबे."

गनीभाई खालूनच म्हणाले, "साहेब, पण तुमचे गुडघे स्टेअरिंगले लागतीन, मंग मले सांगू नका."

ड्रॉवरमध्ये बाटली सापडली. तळाशी घट्ट झालेला लाल गोळा होता. गनीभाईंनी थिनरचे दोन थेंब टाकले, नट कोरडा केला, आणि ठिपका मी लावला. वाकडा आला.

सोमवारी सकाळी निघालो. सासूबाई माझ्या जुन्या जागी, डाव्या सीटवर, मांडीवर प्रतिमाचा फोटो. बसता बसता त्यांची चप्पल मॅटच्या भोकात अडकली. त्यांनी भोकाकडे पाहिलं, मग फोटोला विचारलं, "हे त्याईचं काय?"

"प्रतिमा, हो म्हणाव," मी म्हणालो.

बसस्टँडसमोर गाडी बंद पडली. मागून एसटीनं हॉर्न दिला, पुढून रिक्षावाल्यानं "काका, ढकलू का?" म्हणून विचारलं. गुडघे स्टिअरिंगला लागत होतेच. पण गाव मागे पडल्यावर थोडं जमायला लागलं. पाय हळूहळू पार वर आणायचा, मधे घाई करायची नाही, गाडी आपण होऊन निघते. नुसती वाट पाहायची. माझ्याशी संसार करताना प्रतिमा हेच करत आली असावी.

धाडच्या शाळेच्या अलीकडे रस्त्यावर एक उंच गतिरोधक आहे. तिथं ती दरवेळी ब्रेक उशिरा लावते, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी दरवेळी मांडायचो. तो गतिरोधक समोर दिसला, आणि मी सवयीनं जोरात ओरडलो, "प्रतिमा, हळू!"

आणि जो पाय सापडला तो सगळ्या ताकदीनं दाबला. तो डावा होता. क्लच मात्र सुरेख दाबला गेला. गाडी मोकळी होऊन वेगात गतिरोधकावर चढली, आम्ही तिघं टपापर्यंत जाऊन आलो, आणि गाडी घरंगळत शाळेच्या फाटकाशी, हार घेऊन उभ्या असलेल्या महादेवरावांच्या पायांपुढे कशीबशी थांबली. मागे पोरं ओळीनं उभी होती. पाढे थांबले.

मला सासूबाईंकडे पाहायचं धाडस होईना. आता त्या फोटोला काय सांगतील, याची वाट बघत बसलो. त्यांनी फोटो छातीशी धरला होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. लग्नापासून पहिल्यांदाच त्यांनी थेट माझ्याकडे तोंड केलं.

"अजी," त्या म्हणाल्या, "तिकडे ब्रेक नाही."